आक्काच्या नावाचा दाखला

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. मला सांगलीत नोकरी लागली, थोरली बहीण आक्का सासरी गेली, त्यानंतर दोन-चार पत्रं घरी धाडली, ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली जायची. मास्तर मोठ्यानं वाचणार आणि सगळी आळी ऐकणार, म्हटल्यावर त्यांत खुशालीपलीकडे काही लिहायची सोय नव्हती. आता तुम्हाला जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली. मध्ये वाचणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. मी निवृत्त होऊन घरी बसलोय. सांगलीतच विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर घर आहे, सिमेंटचं, चांगलं भक्कम. तरी झोपताना मी दाराला कडी लावत नाही. बायको लावते, मी उठून काढतो, आणि सकाळी त्यावरून आमचं वाजतं. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाशी लग्न केलंय तर एवढं सोसायला हवं, असं मी तिला म्हणतो. ती म्हणते, चोराला हे सांगून बघा.

गोष्ट गेल्या महिन्यातली. आक्काची नात इथं विश्रामबागेत कॉलेजात आहे, खोली घेऊन राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. नात म्हणजे आक्काच्या सावत्र मुलाची मुलगी, पण तिला लहानाची मोठी केली आक्कानंच, आणि बोलण्याची धारही तिनं आक्काचीच उचललीय. जेवण झाल्यावर ती मोबाईलवर कसल्याशा सरकारी भरतीचा अर्ज भरत होती. एका रकान्यापाशी अडली आणि मान वर करून म्हणाली, "मामाआजोबा, आपण आजीकडनं भूकंपग्रस्त ना?" मी माझ्या कचेरीतल्या आवाजात तिला समजावलं, की भूकंपग्रस्ताचा दाखला एका कुटुंबात एकालाच मिळतो, त्यावर सरकारी नोकरीत राखीव जागा असतात, आपल्या घरातला तो माझ्या नावावर लागला आणि वापरून झाला. ती हसली. म्हणाली, "म्हणजे भूकंप आजीच्या पायावर आणि दाखला तुमच्या नावावर." मग पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालून तिनं विचारलं, की आजी पणजोबांचं नावसुद्धा काढत नाही, घरात त्यांचा फोटो लावू देत नाही, ते एवढे मुलगा-मुलगी करणारे होते का? मी म्हणालो, नाही गं, तसे नव्हते. तिनं त्या रकान्यात "नाही" दाबलं आणि पुढे गेली.

तुम्ही तसे नव्हतात हे आता जगात एकट्या मला ठाऊक आहे, आणि कसं ठाऊक आहे तेही मलाच. आक्का सत्तरीला टेकली. ती तुमच्यावरचा राग घेऊनच जाणार, आणि तो राग खरा माझ्या वाट्याचा आहे. हे तिला ती असेपर्यंत सांगायचं की तसंच झाकून ठेवायचं, एवढ्या एका गोष्टीनं महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो. त्यातलं निम्मं तुम्हालाही माहीत नाही.

भूकंपाच्या पहाटेचं मला फार आठवत नाही. मी सहा वर्षांचा, आक्का नऊ-दहाची. थंडी कडाक्याची होती आणि भिंतीकडनं गार लागतंय म्हणून झोपताना मी भुणभुण लावली होती. आक्का उठली, मला तिच्या जागेवर सरकवलं आणि आपण भिंतीकडे निजली. त्यानंतर एकदम धूळ आठवते, आईचा आवाज आठवतो, आणि तुम्ही नुसत्या हातांनी दगड उपसताय ते आठवतं. ती भिंत तुम्हीच बांधलेली होती. दगड-मातीचं काम करावं तर तुम्ही, असं सगळ्या खोऱ्यात म्हणायचे, आणि तुमची भिंत ओळंब्याला केसभर चुकायची नाही. ती आक्काच्या उजव्या पायावर आली. पाय वाचला, पण गुडघ्यात पुन्हा वाकला नाही. त्यानंतर तुम्ही दगडाला हात लावला नाही. थापी आणि ओळंबा गोणपाटात गुंडाळून ठेवलात, आणि ज्यांची घरं तुम्ही बांधली होती त्यांच्याच शेडवर पत्रे ठोकायच्या रोजगाराला जायला लागलात.

आमचं सगळं वाढणं सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं. शाळा आधी झाडाखाली भरते, मग तंबूत, मग पत्र्यात. जमीन अजून पुरती थांबलेली नाही. दोन-चार दिवसांनी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज येतो आणि पाटीवरची पेन्सिल घरंगळते. मास्तर फळ्याला खडू टेकवून उभे राहतात, हलायचं थांबलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतात. आम्ही पोरं धक्क्याला दहापैकी गुण देतो. दोन, तीन, फार तर चार. सातच्या वर गुण कुणी देत नाही, कारण दहा म्हणजे काय हे सगळ्यांना घरून माहीत आहे. वाईची आत्या एकदा आठ दिवस राहायला म्हणून आली होती. पहिल्याच दिवशी तिला तीन गुणांचा धक्का बसला आणि ती चहा टाकून मिळेल त्या एस.टी.नं परत गेली, त्यावर आम्ही महिनाभर हसलो. हसायचो खरे, पण आमच्यातला एकही पोरगा दाराकडे पाठ करून जेवायला बसायचा नाही. मी आजही हॉटेलात गेलो की आधी दार बघतो.

आक्काला खाली बसता येईना, तेव्हा तुम्ही गोणपाट सोडलंत. शेडमध्ये सगळ्यांच्या चुली जमिनीवर. तुम्ही आक्काला उभी केलीत, तिच्या कमरेपाशी पत्र्यावर कोळशानं रेघ मारलीत आणि विटांचा ओटा बांधून त्यावर चूल मांडलीत. शेडची देखरेख करणारा साहेब येऊन म्हणाला, इथं बांधकामाला परवानगी नाही. तुम्ही त्याला पाणी दिलंत, गूळ दिलात आणि ओटा तसाच ठेवलात. आक्का पहिल्यांदा उभ्यानं भाकरी थापायला लागली तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन बसलात. मी एकदा त्या ओट्यावर चढून उड्या मारत होतो. तुम्ही मला दंडाला धरून खाली ओढलंत आणि एक ठेवून दिलीत. "ह्ये तिचं हाय. तुझा पाय हितं दिसता कामा न्हाई." तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत, म्हणून ते शब्द लक्षात राहिले.

पुढे दाखल्याची बातमी आली. आधी कुणाला खरं वाटेना, मग एकाच्या मुलाला नोकरी लागली आणि सगळी वस्ती त्या कागदामागे लागली. तुम्हाला आठवत असेल, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसायचा. कुणाच्या घरात दाखला कुणाच्या नावावर, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागले. मुलगी दाखवताना लोक विचारायचे, मुलगा काय करतो ते राहू द्या, दाखला त्याच्या नावावर आहे का भावाच्या? आमच्या बरोबरीचे सगळे वाढले ते एक तर मुंबईला गेले, नाही तर फौजेत, आणि जे उरले ते त्या कागदाची वाट बघत पारावर बसले. मी त्यांतलाच एक. पदवी घेतलेली, फौजेत छाती भरली नाही, दोन परीक्षांत नापास. आक्का मॅट्रिकला आमच्या शाळेत पहिली आली होती आणि तिशीच्या उंबऱ्यावर घरात बसून होती. तिला बघायला लोक यायचे, चहा प्यायचे, ती चालत आत गेली की एकमेकांकडे बघायचे. सात-आठ स्थळं तशी आली नि गेली. प्रत्येक वेळी कपबशा तिनंच विसळल्या.

तुम्ही घरात कुणाशी चर्चा केली नाहीत. एक दिवस मला म्हणालात, उद्या साताऱ्याला जायचंय, शाईचा पेन घे. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे टेबलं टाकून बसले होते, त्यांच्याकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. माझा पोरगा शिकलेला हाय, असं एकाला ऐकवलंतही. आपण पायऱ्यांच्या कडेला सावलीत बसलो. तुम्ही म्हणालात, "पोरीचं नाव घाल. भित्तीनं तिचं वाटुळं केलं, ती भिंत माझ्या हातची हाय. तू गडीमाणूस, तू कुठं बी पोट भरशील." मी मान हलवली. कुटुंबप्रमुखाचं नाव लिहिलं, वय लिहिलं, घराचं नुकसान लिहिलं. नामनिर्देशित व्यक्ती या रकान्यापाशी आलो आणि माझा हात थांबला. आबा, मी तिथं फार विचार केला असं नाही. मला भीती वाटली, एवढंच खरं. सगळं वय त्या पारावर बसून जाईल याची भीती. मी माझं नाव लिहिलं. तुम्ही अंगठा उठवलात, तो नीट उठेना, कारण चुन्या-सिमेंटनं तुमच्या अंगठ्याच्या रेघाच खाल्ल्या होत्या. तीनदा उठवावा लागला. मग तुम्ही विचारलंत, "नीट लिवलंस नव्हं तिचं नाव?" मी म्हणालो, व्हय. येताना तुम्ही आक्काला म्हणून कंदी पेढे घेतलेत.

चार-सहा महिन्यांनी दाखला आला तेव्हा तो हातात घेऊन आधी वाचला मी. मी तुम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, की लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणाऱ्या पोरीचं चालत नाही, म्हणून साहेबांनी तिचं नाव काढून माझं घातलं. हे कुणीही म्हटलं नव्हतं. असा नियम कुणी मला वाचून दाखवला नव्हता. तुम्ही कागद हातात घेतलात, उलटा धरून बघत राहिलात आणि विचारलंत, साहेबाला जाऊन भेटलं तर? मी म्हणालो, काही उपयोग नाही, सही झालीय. सरकारी सहीपुढे तुम्ही आयुष्यात कधी बोलला नव्हतात. माझा सगळा भरवसा त्यावरच होता.

आता तुम्ही काय केलंत ते मी पत्र्याआडून ऐकलं. तुम्ही आक्काला हे सांगितलंच नाहीत, की सरकारनं तुझं नाव खोडलं. आधीच माणसं तिला बघून परत जात होती, त्यात आणखी एका साहेबानं तिला नको म्हटलं हे तुम्हाला तिच्या कानावर घालवेना. तुम्ही ओट्यापाशी जाऊन म्हणालात, "दाखला म्या पोराच्या नावावर केलाय. घर त्येला चालवायचंय." आक्का भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बरं केलंसा." तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलंत. मी गप्प राहिलो. तुम्हाला वाटलं, पोरगा बापाचा शब्द राखतोय.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगलीला नोकरी लागली, लग्न झालं. आक्काला आटपाडीकडच्या बिजवराला दिली, पहिल्या बायकोचं पोर पदरात घेऊन. माणूस भला होता, पण माळरान कोरडं, पाण्याला लांब जायचं, आणि तो न वाकणारा पाय घेऊन तिनं वर्षानुवर्षं डाळिंबाच्या बागांत रोजगार केला. तुम्ही गेलात तेव्हा ती आली, मातीला उभी राहिली, रडली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, भिंत देवानं पाडली म्हणून ती मी सोडली, दाखला आबांनी हातानं दिला, ते मला सोडता येत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. बायको चार पावलांवर होती, माझ्या कडेवर धाकटा मुलगा होता, आणि मी म्हणालो, जाऊ दे आता. मी कचेरीत उभं आयुष्य लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. नाव एक, वारस दुसरा, असं दिसलं की शेरा मारून अर्ज परत पाठवायचो. सगळे म्हणायचे, साहेब लय कडक.

नातीच्या त्या रविवारनंतर मला घरात बसवेना. परवा बायकोला आक्काला बघून येतो एवढं सांगितलं आणि एस.टी.नं आटपाडीला गेलो. आक्का अंगणात खुर्चीवर पाय लांब करून शेंगा फोडत होती. मला बघून तिला आनंद झाला, तो चेहऱ्यावर मावेना. सूनबाई रानात गेली होती. मी तिच्यासमोर पोत्यावर बसलो आणि शेंगा फोडायला लागलो. बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग मी खाली बघूनच म्हणालो, "आक्का, दाखल्याला आबांनी तुझं नाव सांगितलं हुतं."

"कवा?"

"साताऱ्याला. तुझंच लिव म्हणाले. मी माझं लिवलं."

तिचे हात थांबले. तिनं विचारलं, आबांना कळलं होतं का. मी म्हणालो, नाही, त्यांना मी साहेबानं बदललं म्हणून सांगितलं. तुला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते आपल्यावर घेतलं. तिनं डोळ्याला पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. समोरच्या शेडात शेळी ओरडत होती. मला वाटलं, आता ती मला घरातून जायला सांगेल, आणि मी त्याची तयारी करून बसलो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तिनं पदर खाली घेतला तेव्हा तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"ह्ये पुन्यांदा तोंडातनं काढू नगंस. पोरीला तर अजिबात न्हाई."

मी म्हणालो, पण आबांवर तू इतकी वर्षं राग धरलास, त्यांची काय चूक.

"आबा गेल्यात. त्येंच्यावर राग धरला तर त्येंचं काय जात न्हाई. तुझ्यावर धरला तर मला म्हायेर कुठलं ऱ्हातंय रं?"

आई गेली, तुम्ही गेलात, शेडच्या जागी दुसऱ्यांची घरं झाली. तिला माहेर म्हणून बोट दाखवायला जगात मी एकटा आहे, आणि तेवढं राखायला तिनं तो राग तुमच्यावरच राहू दिला. तुमच्या बाजूनं मी अजून दोन शब्द बोलायला हवे होते, भांडायला हवं होतं, नातीला मीच सांगणार म्हणायला हवं होतं. मी शेंगा फोडत राहिलो. ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली आणि म्हणाली, हात धू, भाकरी गार होतीय.

हे पत्र मी कुठं धाडणार? लिहून झालं की खणात ठेवीन, बायकोच्या हाती लागू नये म्हणून जुन्या पेन्शनच्या कागदांखाली. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, ती आक्कालाही दिसली असेल. तुमच्यावरचा राग तसाच राहिला हे मला समजत होतं, आबा, आणि तरी त्या दुपारी तिच्या हातची पहिली भाकरी संपल्यावर मी दुसरी मागून घेतली, आणि मला ती गोड लागली.